पत्रांवर उभा राहिलेला मोसम : नोटर डेम, १९१३

१ नोव्हेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या मैदानावर इंडियानातून आलेल्या एका कॅथलिक कॉलेजच्या मुलांनी अकादमीच्याच संघाला, म्हणजे आर्मीला, अमेरिकन फुटबॉलमध्ये ३५-१३ असं हरवलं. ही गोष्ट अमेरिकेत इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची आता पोथी झाली आहे. दोन मित्र, उन्हाळ्याची सुट्टी, सरोवराकाठची वाळू, फॉरवर्ड पास नावाचं गुपित अस्त्र आणि शेवटी बलाढ्य फौजेची दाणादाण. पोथीतलं बरंचसं खरंही आहे. मला कुतूहल आहे ते मात्र दुसऱ्याच गोष्टीचं. इंडियानातला हा संघ त्या दिवशी हडसन नदीकाठी करत काय होता? याचं उत्तर मैदानावर सापडत नाही, ते सापडतं एका नव्या जिमखाना प्रमुखाच्या टेबलावर.

प्रकरण अभ्यासात, म्हणजे केस स्टडीत, नावं झाकायची पद्धत आहे. इथे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं आणि सार्वजनिक नोंदीतलं आहे, म्हणून ती उघड ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

नोटर डेम म्हणजे इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावाजवळचं विद्यापीठ. होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाच्या फादर एडवर्ड सोरँ यांनी ते १८४२ मध्ये स्थापन केलं. नाव फ्रेंच असलं तरी अमेरिकन माणूस त्याचा उच्चार 'नोटर डेम' असाच करतो, तोच इथे घेतला आहे. फुटबॉल तिथे १८८७ मध्ये आला. शिकवायला शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाची मुलं आली होती, आणि पहिला सामनाही त्यांच्याशीच झाला.

खेळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं असतं. ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड कापले की पुढचे प्रयत्न मिळतात, नाही कापले तर चेंडू समोरच्याकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कापणं म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. अकरा जणांनी एकमेकांना धरून, ढकलून, समोरच्या भिंतीत डोकं घालायचं. त्यात पोरं जायबंदी व्हायची, काही दगावायचीही. ऑक्टोबर १९०५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. त्याच मोसमाच्या अखेरीस आणखी एक मृत्यू झाला, ओरड वाढली आणि १९०६ मध्ये नियम बदलले. त्या बदलांतला एक म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकायची परवानगी. हाच फॉरवर्ड पास.

परवानगी दिली, पण हात आखडता ठेवून. फेकलेला चेंडू कुणालाही न लागता जमिनीवर पडला तर तो सरळ प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, अशी सुरुवातीची अट होती. पुढे १९१० मध्ये पास वीस यार्डांच्या आतच हवा असं ठरलं. १९१२ मध्ये गाठ सुटली. वीस यार्डांची मर्यादा गेली, दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याचे, गुण पाचावरून सहा झाले आणि गरगरीत चेंडू थोडा सडपातळ झाला. म्हणजे आपल्या प्रकरणातला मोसम हा नव्या नियमांचा जेमतेम दुसरा मोसम. पूर्वेकडचे जुने, मातब्बर संघ तेव्हाही पासकडे नाक मुरडून बघत होते. दमदार संघाने धावून जिंकावं, फेकाफेकी करावी ती दुबळ्यांनी, असा एकूण सूर.

अडचण

१९१२ च्या मोसमात नोटर डेम सातही सामने जिंकलं. केलेले गुण ३८९, दिलेले २७. कुठल्याही जिमखान्याने फलक लावून मिरवावी अशी कामगिरी. तरीही ही अडचणीचीच खूण होती.

आकडे नीट बघा. सेंट व्हिएटर नावाच्या छोट्या कॉलेजला ११६-७. एड्रियनला ७४-७. मार्केटला ६९-०. चुरशीचा म्हणावा असा सामना एकच, पिट्सबर्गशी ३-०. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना बघायला तिकीट कोण काढणार? गल्ला जमत नव्हता, आणि गणवेश, प्रवास, पाहुण्या संघाला द्यायची रक्कम हा खर्च काही थांबत नव्हता. मैदानावर अजिंक्य असलेला संघ जमाखर्चाच्या वहीत हरत होता.

मोठे संघ का खेळत नव्हते? आसपासची मोठी विद्यापीठं 'वेस्टर्न कॉन्फरन्स' या मंडळात होती, तेच पुढे 'बिग टेन' म्हणून ओळखलं गेलं. त्यात नोटर डेमला प्रवेश नव्हता. मिशिगन तेव्हा त्या मंडळातून बाहेर पडलेलं होतं, पण तिथेही दार बंद. १९०९ मध्ये नोटर डेमने अॅन आर्बरला जाऊन मिशिगनला ११-३ असं हरवलं. पुढच्या वर्षी सामना तोंडावर आला असताना मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांनी नोटर डेमच्या दोन खेळाडूंच्या पात्रतेवर आक्षेप घेतला. हे दोघे आधी दुसऱ्या कॉलेजकडून खेळून आले होते. सामना रद्द झाला आणि संबंधच तुटले.

इथे दोन्ही बाजू मांडायला हव्यात. नोटर डेमच्या गोटात हा सरळसरळ कॅथलिकद्वेष मानला जाई, आणि त्या काळच्या मध्यपश्चिम अमेरिकेत तो भरपूर होता यात शंका नाही. पण पात्रतेचा आक्षेप अगदीच हवेतला नव्हता. एका कॉलेजातून दुसऱ्यात उड्या मारणारे खेळाडू ही त्या काळची सार्वत्रिक रोगराई होती आणि नोटर डेम त्यापासून अलिप्त नव्हतं. ज्याने बहिष्कार घातला त्याचा हेतू शुद्ध नसेल, पण कारण त्याच्या हाती आयतं मिळालं होतं.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर विद्यापीठाने जेसी हार्पर यांना आणलं. वय २९. शिकागो विद्यापीठात आमोस अलोंझो स्टॅग यांच्या हाताखाली खेळलेले, मग आल्मा आणि नंतर वॉबॅश या छोट्या कॉलेजांत प्रशिक्षक. वॉबॅश इंडियानातलंच. १९११ मध्ये हार्परच्या वॉबॅशने पासच्या जोरावर नोटर डेमला घाम फोडला होता, ६-३ असा निसटता विजय नोटर डेमच्या पदरी पडला. १९१२ मध्ये मात्र त्याच वॉबॅशला नोटर डेमने ४१-६ असं लोळवलं. नेमणूक करणाऱ्यांनी यातला कुठला निकाल लक्षात ठेवला, हे निवडीवरून दिसतंच.

महत्त्वाचं म्हणजे हार्पर फक्त प्रशिक्षक म्हणून आले नाहीत. खेळ विभागाचा सगळा कारभारही त्यांच्याकडे दिला गेला. सामने कुणाशी ठरवायचे आणि पैसा कसा उभा करायचा हे ठरवणारा आणि संघ कसा खेळणार हे ठरवणारा माणूस एकच झाला. या प्रकरणातला पहिला निर्णय मला हाच वाटतो, आणि बहुतेक वर्णनांत तो एका वाक्यात उरकला जातो. आपल्याकडच्या कॉलेजांत जिमखान्याचा हिशेब एकाच्या टेबलावर, संघ दुसऱ्याच्या हाती आणि टीए-डीएची मंजुरी तिसऱ्याच्या सहीवर असते. दौरा का ठरला नाही हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. ज्यांनी ते सोसलंय त्यांना या नेमणुकीचं मोल वेगळं सांगायला नको.

हार्परपुढे वाटा चार होत्या.

आहे तेच चालू ठेवायचं. जवळची छोटी कॉलेजं, कमी प्रवास, मोठे विजय, चालू तोटा. यात धोका नव्हता, भविष्यही नव्हतं.

दुसरी वाट मंडळाची मनधरणी करण्याची. पात्रतेचे नियम त्यांच्यासारखे कडक करायचे, अर्ज करायचा, वाट बघायची. तत्त्वतः सगळ्यात सरळ. पण यापूर्वीचा अनुभव नकाराचा होता, आणि कितीही सोवळं पाळलं तरी शेजारी पंगतीला बसवतीलच याची हमी नव्हती.

फुटबॉलच कमी करायचा किंवा सोडायचा, हीसुद्धा तेव्हा वेडगळ कल्पना नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी १९०६ मध्ये अमेरिकन फुटबॉल सोडून चक्क रग्बी धरलं होतं.

आणि शेवटची वाट म्हणजे शेजारी बोलवत नसतील तर लांब जायचं. ज्यांना आपलं वावडं नाही अशा दूरच्या मोठ्या संघांना लिहायचं, त्यांच्या मैदानावर खेळायची तयारी दाखवायची, आणि मोबदल्यात हमीची रक्कम मागायची. जिंकलो तर नाव, हरलो तरी निदान खर्च निघतो. तोटा असा की संघ सतत रेल्वेत, मुलांचे तास बुडणार, आणि घरचं मैदान, घरची शिट्टी, घरचे प्रेक्षक यांतलं काहीच सोबत नाही.

हार्परनी चौथी वाट धरली.

काय केलं

आधी पत्रं लिहिली. देशभरच्या कॉलेजांना, ज्यांच्या वेळापत्रकात एखादी शनिवारची जागा मोकळी असेल त्यांना. वेस्ट पॉइंटकडे १ नोव्हेंबर मोकळा होता. पैशावर घासाघीस होऊन हमी हजार डॉलरवर ठरली. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण एवढ्या मंडळींचा इंडियाना ते हडसन नदी आणि परत, असा प्रवास त्यातून जेमतेम निघत होता. आर्मीच्या सामन्याला तिकीट नसे, म्हणजे गल्ल्यातून वाटा मिळायचा प्रश्नच नव्हता. मिळणार होतं ते एकच : न्यूयॉर्कच्या वार्ताहरांसमोर खेळायची संधी. हार्परनी सौदा केला तो खरं तर तिचा.

वेळापत्रक तयार झालं ते असं. ऑक्टोबरमध्ये घरच्या कार्टियर फील्डवर ओहायो नॉर्दर्न, साउथ डकोटा आणि आल्मा. नोव्हेंबरमध्ये चारही सामने बाहेर : १ तारखेला वेस्ट पॉइंट, ७ ला पेन स्टेट, २२ ला सेंट लुइसमध्ये ख्रिश्चन ब्रदर्स आणि २७ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, थेट ऑस्टिनमध्ये टेक्सस विद्यापीठ. नकाशावर या ठिकाणांना रेघांनी जोडून बघा. मोसमाच्या उत्तरार्धात या संघाचं घर म्हणजे रेल्वेचा डबाच होता.

आता पोथीतला प्रसिद्ध भाग. संघाचा कर्णधार नूट रॉक्नी. जन्म नॉर्वेतल्या व्हॉसचा, पाच वर्षांचा असताना शिकागोला आलेला, शाळेनंतर काही वर्षं तिथल्या टपाल खात्यात काम करून बाविसाव्या वर्षी कॉलेजात दाखल झालेला. त्याच्या खोलीत राहणारा गस डोराइस हा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवणारा आणि चेंडू फेकणारा. अंगापिंडाने दोघेही लहानखुरे. १९१३ च्या उन्हाळ्यात दोघांनी ओहायोत ईरी सरोवराकाठच्या सीडर पॉइंट या सहलीच्या ठिकाणी नोकरी धरली आणि रिकाम्या वेळात वाळूवर पास घोटले.

घोटण्यासारखं काय होतं त्यात? तेव्हाचा पास म्हणजे बहुधा उंच उडवलेला चेंडू. घेणारा ठरलेल्या जागी जाऊन थांबायचा, वळायचा, आणि चेंडू पोटाशी कवटाळायचा. तो थांबला की बचाव करणाऱ्यालाही कळायचं की चेंडू इथे येतोय. रॉक्नी आणि डोराइस यांनी सराव केला तो न थांबता, पूर्ण वेगात पळताना, हाताच्या पंजात चेंडू झेलण्याचा. यात फेकणाऱ्याचं काम बदलतं. माणूस आत्ता जिथे आहे तिथे फेकून उपयोग नाही, तो दोन क्षणांनी जिथे असेल तिथे चेंडू जायला हवा. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून धावत येणारा क्षेत्ररक्षक चेंडूच्या वाटेचा अंदाज घेतो ना, तसं. फरक इतकाच की इथे अंदाज फेकणाऱ्यानेही घ्यायचा. हे एकट्याच्या कौशल्याचं काम नव्हे. एकमेकांच्या पावलांची इतकी सवय हवी की न बघता कळावं. त्यासाठी एक संपूर्ण उन्हाळा आणि तोच जोडीदार लागतो.

इथे पोथी दुरुस्त करायला हवी. फॉरवर्ड पासचा शोध या दोघांनी लावला नाही. सेंट लुइस विद्यापीठाच्या संघाने एडी कोकेम्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९०६ मध्येच, नियम बदलल्याबरोबर, पास खेळाचा कणा केला होता आणि त्या मोसमात सगळे सामने जिंकले होते. पुढे रॉक्नीने स्वतः हे श्रेय मान्य केलं. आणि हार्पर वॉबॅशमध्ये पास वापरतच होते. सीडर पॉइंटच्या वाळूत शोध लागला नाही, तिथे एका जुन्या कल्पनेवर मेहनत झाली.

मोसमाची सुरुवात ४ ऑक्टोबरला. ओहायो नॉर्दर्नला ८७-०. मग साउथ डकोटाला २०-७, आणि २५ ऑक्टोबरला आल्माला, म्हणजे हार्परच्याच जुन्या कॉलेजला, ६२-०. या तिन्हींतला कामाचा सामना मधला. पहिल्या आणि तिसऱ्या सामन्यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

वेस्ट पॉइंटचा दिवस

संघ साउथ बेंडहून रेल्वेने निघाला. अठरा खेळाडू आणि बुटांचे जोड चौदाच, असं सांगतात. बदली खेळाडूने मैदानातून बाहेर येणाऱ्याचे बूट चढवायचे. वाटेत खायला विद्यापीठातल्या नन्सनी बांधून दिलेले सँडविच. हजार डॉलरच्या हमीत दौरा बसवायचा म्हणजे काय, हे या तपशिलात दिसतं.

आर्मीचा संघ तोवर हरलेला नव्हता. अंगाने मोठा, शिस्तीचा, चार्ल्स डेली यांच्यासारखा नावाजलेला प्रशिक्षक. आदल्या वर्षी गुडघा दुखावल्याने खेळणं सुटलेला ड्वाइट आयझेनहावर नावाचा एक कॅडेट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला, त्या वर्षी मैदानाबाहेरच होता. प्रेक्षक काही हजार.

नोटर डेमने सुरुवात नेहमीसारखी, धावून केली. आर्मीच्या वजनदार फळीपुढे ते फारसं चाललं नाही. इथे निर्णयाचा क्षण आला, आणि तो हार्परच्या हातात नव्हता. त्या काळी बाहेरून सूचना द्यायला बंदी होती, चाल मैदानावरच्या क्वार्टरबॅकनेच ठरवायची. डोराइसने खेळ मोकळा करायचं ठरवलं.

रॉक्नीने लंगडल्याचं सोंग आणलं. दोन-चार चाली तो दुखऱ्या पायाने रेंगाळत राहिला. त्याच्यावर नजर ठेवणारा आर्मीचा खेळाडू सैलावला. मग एका चालीत रॉक्नी पूर्ण वेगाने सुटला आणि डोराइसचा सुमारे २५ यार्डांचा पास पळता पळता हातात घेऊन गोलरेषेपार गेला. जवळपास कुणीच नव्हतं.

आर्मी काही गोंधळून गेलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी दोन टचडाउन करून १३-७ अशी आघाडी घेतली. मध्यांतराला नोटर डेम १४-१३ असं जेमतेम पुढे होतं. सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या डावात आर्मी गोलरेषेच्या तोंडाशी येऊन परतवलं गेलं. तिथे निकाल फिरला असता तर ही गोष्ट आज कुणी सांगितली नसती.

शेवटच्या डावात तीन टचडाउन झाले. कसे, ते बघण्यासारखं आहे. पास अडवायचे तर आर्मीला आपली माणसं मागे आणि दोन्ही बाजूंना पसरवावी लागली. पसरली की मधली भिंत विरळ झाली. मग डोराइसने चेंडू दिला रे आयकनलॉब या आडदांड फुलबॅककडे, आणि तो त्या विरळ भिंतीतून घुसला. भिंत पुन्हा दाट केली की वरून पास. दिवसभरात पाच टचडाउन झाले : रॉक्नीचा एक, जो प्लिस्काचे दोन, आयकनलॉबचे दोन. प्रत्येकानंतरची एका जादा गुणाची किक डोराइसने साधली. त्याने १७ पैकी १४ पास यशस्वी केले, काही नोंदींत १३ धरतात, आणि २४३ यार्ड कमावले. म्हणजे 'पासने आर्मीला हरवलं' हे वाक्य अर्धंच. पासच्या धाकाने धावणं सोपं केलं, आणि शेवटचा घाव बराचसा जुन्याच पद्धतीने पडला.

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ठळक जागा दिली. हार्परचा सौदा तिथे वसूल झाला.

उरलेला मोसम

इथे पोथी संपते, पण वेळापत्रक संपत नाही. सहाच दिवसांनी, शुक्रवारी, पेन स्टेटशी सामना. सगळ्या मोसमातला सर्वात कमी फरकाचा विजय हाच, १४-७. इतक्या मोठ्या विजयानंतर, इतक्या कमी विश्रांतीत, पुन्हा परक्या मैदानावर आणि आता गुपित उरलेलं नसताना. मला विचाराल तर संघाची खरी कसोटी वेस्ट पॉइंटपेक्षा इथे लागली.

सेंट लुइसमध्ये ख्रिश्चन ब्रदर्सला २०-७. मग पाच दिवसांत थेट दक्षिणेला ऑस्टिन. टेक्ससने तोवर सातही सामने जिंकलेले होते. नोटर डेमने ३०-७ असं हरवलं.

निकाल

सात सामने, सात विजय, २६८ गुण केले, ४१ दिले. आदल्या वर्षीच्या ३८९ आणि २७ शी तुलना करा : आकडे घसरले आणि किंमत वाढली. डोराइस हा देशाच्या निवडक संघात, ऑल-अमेरिकनमध्ये, सर्वमान्य स्थान मिळवणारा नोटर डेमचा पहिला खेळाडू ठरला. आर्मीशी सामना वार्षिक झाला. १९१८ चा अपवाद वगळता १९४७ पर्यंत तो दर वर्षी होत राहिला. १९२३ पासून तो न्यूयॉर्क शहरात गेला आणि पुढे यांकी स्टेडियममध्ये खच्चून भरू लागला. हजार डॉलरच्या पत्रव्यवहाराचं हे झाड.

आर्मीचंही नुकसान झालं नाही. त्या मोसमातला त्यांचा हा एकमेव पराभव. महिन्याभरात त्यांनी स्वतः पास आत्मसात केले आणि नौदलाच्या संघाला २२-९ असं हरवलं. हरलेल्याने इतक्या लवकर जिंकणाऱ्याचं अस्त्र उचललं, ही गोष्ट मला या प्रकरणात फार आवडते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा वेळापत्रकाचा. चार बाहेरचे सामने एका महिन्यात, आणि तेही दोन-दोन जोडून : १ व ७ नोव्हेंबर, २२ व २७ नोव्हेंबर. मधले दोन आठवडे मोकळे. हाताशी अठरा मुलं असताना हे जुगार खेळण्यासारखं होतं. एखादा सामना ऑक्टोबरात ओढता आला असता तर बरं झालं असतं. पण गरजू संघाला तारीख निवडता येत नाही, मिळेल ती घ्यावी लागते, हेही खरं. डोराइस जायबंदी झाला असता तर काय, याचं उत्तर या योजनेत नव्हतं. जोडीवर उभारलेल्या खेळाची ती जन्मजात उणीव.

दुसरा मुद्दा यशानंतरचा. हार्परनी १९१४ साठी आणखी मोठी नावं घेतली. १७ ऑक्टोबर १९१४ रोजी संघ येलकडे गेला आणि २८-० असा हरला. येलने चेंडू बाजूला आणि मागे टाकत, म्हणजे लॅटरल पासवर, त्यांना पळवून पळवून दमवलं. त्याच वर्षी आर्मीनेही २०-७ असा बदला घेतला. रॉक्नी आणि डोराइस दोघेही शिक्षण संपवून खेळाडू म्हणून संघाबाहेर गेले होते. संघ नव्याने बांधायच्या वर्षीच सर्वात कठीण सामने घेतले, ही मला चूक वाटते. बाजू घ्यायची तर म्हणता येईल की १९१३ च्या बातम्या ताज्या असतानाच येलने दार उघडलं असतं, दोन वर्षं थांबून नव्हे.

तिसरा मुद्दा मला अवघड वाटतो. दूर जाण्याच्या वाटेमुळे पात्रतेचा जुना आक्षेप मागे पडला. नाव झाल्यावर 'आम्हाला हेव्याने वाळीत टाकलं' ही कथा सांगायला सोपी गेली. बहिष्कारामागच्या द्वेषाबद्दल बोलताना आपल्या घरातल्या ढिलाईबद्दलही त्याच वेळी, तितक्याच मोठ्याने बोललं गेलं असतं, तर मंडळाकडे कारण उरलं नसतं. १९१३ मध्ये तसं उघडपणे झालं नाही.

शेजारी हळूहळू आले. १९१७ मध्ये विस्कॉन्सिन मैदानात उतरलं, सामना ०-० सुटला. हार्पर १९१८ मध्ये कॅन्ससला गुरांच्या धंद्याला निघून गेले आणि संघ रॉक्नीकडे आला. रॉक्नी ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्येच विमान अपघातात गेला, तेव्हा खेळ विभाग सांभाळायला हार्परना परत बोलावलं गेलं. मिशिगनशी सामना व्हायला मात्र १९४२ उजाडलं. तेहतीस वर्षांनी मिशिगनचा संघ साउथ बेंडला आला, आणि ३२-२० असा जिंकून गेला.